पाणी बाधले, की डास चावला?

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात. पुढचा बोरघाट एकट्या इंजिनाच्या आवाक्यातला नसतो, म्हणून गाडीला मागून आणखी इंजिने जोडतात. तेवढ्या वेळात प्रवासी बटाटेवडा घेतात, चहा पितात आणि पळसदरीनंतरचे बोगदे व धबधबे पाहायला खिडकीशी सरसावतात. एप्रिल १८९५ मध्ये रोनाल्ड रॉस नावाचे लष्करी डॉक्टर विलायतेहून मुंबईला उतरले आणि सिकंदराबादला आपल्या पलटणीत दाखल झाले. त्या काळी मुंबईहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे कर्जत, खंडाळा, पुणे, सोलापूर, वाडी अशीच जात असे. रॉस यांच्या सामानात सूक्ष्मदर्शक होता आणि डोक्यात एक कल्पना होती. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढत असावा, ही ती कल्पना. पुढे तिने रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळवून दिले. मूळ कल्पना मात्र त्यांची नव्हती. लंडनमधल्या एका मध्यमवयीन, संधिवाताने त्रासलेल्या डॉक्टरने ती त्यांना दिली होती. त्यांचे नाव पॅट्रिक मॅन्सन.

रॉस यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मॅन्सन हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे जात नाही. वास्तविक डास हा रोगाचा वाहक असू शकतो, हे प्रयोगाने पहिल्यांदा दाखवले ते मॅन्सन यांनी, रॉस यांच्या आधी वीस वर्षे. तो रोग हिवताप नव्हता, हत्तीरोग होता. आणि गंमत अशी की, डासाचा हा दरवाजा उघडणारे मॅन्सन स्वतः त्यातून अर्धेच आत गेले. उरलेल्या अर्ध्या वाटेवर ते बावीस वर्षे चुकीच्या दिशेला पाहत राहिले. त्यांची थोरवी आणि त्यांची चूक या दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात आहेत, म्हणूनच ते आज वाचण्याजोगे आहे.

घाटातली हवा

कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. एकीकडे उल्हास, दुसरीकडे पाताळगंगा, मध्ये भातखाचरे आणि वर माथेरानचा डोंगर. पावसाळ्यात इथे पाणी नाही अशी जागा सापडत नाही. खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ मध्येच आली होती, पण वरच्या घाटाचे काम पुरे व्हायला १८६३ चा एप्रिल उजाडला. या सात वर्षांत, काम ऐन भरात असताना, एकेका वेळी चाळीस हजारांवर मजूर डोंगरात राबत होते. पटकी आणि तापाच्या साथींनी त्यातले हजारो गेले. पहिल्या ठेकेदाराने १८५९ मध्ये काम सोडले. त्याच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजारी पडून वारले. त्यांची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवला आणि आपल्या अभियंत्यांकरवी घाट पुरा करून घेतला.

ही माणसे कशाने मेली, असे त्या काळच्या डॉक्टरांना विचारले असते तर त्यांनी दलदलीतून उठणाऱ्या वाईट हवेकडे बोट दाखवले असते. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच वाईट हवा असा आहे. आपल्या लोकांनी विचारले असते तर उत्तर आले असते की पाणी बाधले. हे दोन्ही समज अगदीच खुळे होते असे नाही. पटकीला पाणी कारणीभूत असतेच. आपल्याकडचा नारू तर पाण्यातूनच यायचा. पायऱ्यांच्या विहिरीत नारूवाला माणूस पाय बुडवी, जखमेतून जंताची पिले पाण्यात उतरत, तिथल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलपिसवांच्या पोटात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात शिरत. अलेक्सी फेडचेन्को या रशियन संशोधकाने १८७० मध्ये तुर्कस्तानच्या मुलखात नारू आणि जलपिसू यांचे हे नाते उलगडले. नारूचा लांबचा भाऊबंद शोभेल असा हत्तीरोगाचा जंत मात्र निराळ्या वाटेने जातो. ती वाट शोधायला जो माणूस निघाला, तो पाण्याच्या समजातून शेवटपर्यंत पुरता सुटला नाही. त्याची हकिगत आता पाहू.

लोखंडाच्या कारखान्यातून वैद्यकाकडे

पॅट्रिक मॅन्सन यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८४४ रोजी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळच्या ओल्डमेल्ड्रम या गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी, वडील बँकेत अधिकारी. मुलाचा ओढा यंत्रांकडे आणि शिकारीकडे. नात्यातल्या लोकांचा ॲबर्डीनला लोखंडी कामाचा कारखाना होता, तिथे पोरसवदा वयातच ते उमेदवारीला लागले. अंगमेहनत झेपली नाही. पाठीच्या कण्याचे दुखणे जडले आणि बरेच दिवस अंथरुणावर पडून राहावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी वैद्यक शिकायचे ठरवले. १८६६ मध्ये ॲबर्डीन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी घेऊन ते फोर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, चीनच्या जकात खात्याचे डॉक्टर म्हणून रुजू झाले. बंदरात येणाऱ्या जहाजांवरची माणसे तपासायची, खलाशांना औषध द्यायचे आणि उरलेल्या वेळात स्थानिक रोगी पाहायचे, असे ते काम. १८७१ मध्ये ते समोरच्या किनाऱ्यावरच्या अमॉय बंदरात गेले. याच गावाला आज शियामेन म्हणतात.

अमॉयच्या मिशनरी दवाखान्यात त्यांनी जे पाहिले ते कोणालाही हादरवून सोडणारे होते. पाय खांबासारखे सुजलेले, अंडकोश गुडघ्यापर्यंत लोंबणारे असे रोगी रोज दारात उभे असत. एक फेरीवाला आपल्या सुजलेल्या अंडकोशाचाच टेबलासारखा उपयोग करून त्यावर माल मांडून विकत असे, अशी त्यांच्या चरित्रात नोंद आहे. हसावे की रडावे कळू नये अशी ही गोष्ट. मॅन्सन यांनी शस्त्रक्रिया शिकून घेतली आणि एकामागून एक असे रोगी त्या ओझ्यातून मोकळे केले. पण कापून काढलेल्या मांसाने रोगाचे मूळ हाती लागत नव्हते.

१८७४ च्या सुमारास ते रजेवर मायदेशी गेले. तिथे लग्न केले आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून हत्तीरोगावर जे काही छापले गेले होते ते वाचून काढले. तेथे त्यांना कलकत्त्याच्या टिमथी लुईस या लष्करी डॉक्टरचा शोध सापडला. लुईस यांनी १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जंत पाहिले होते. अशा रोग्यांपैकी अनेकांची लघवी दुधासारखी पांढरी होत असे, काहींना हत्तीरोग असे. मॅन्सन नवा सूक्ष्मदर्शक घेऊन अमॉयला परतले. दरम्यान १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे जोसेफ बँक्रॉफ्ट यांना या पिलांची आई, म्हणजे पूर्ण वाढलेला केसासारखा बारीक जंत, सापडली होती. म्हणूनच या जंताच्या नावात बँक्रॉफ्ट यांचे नाव आले.

मुंबईतला दुसरा सूक्ष्मदर्शक

इथे थोडे थांबून आपल्या मुंबईकडे पाहिले पाहिजे. त्याच काळात जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात हेन्री वॅनडाइक कार्टर हे डॉक्टर काम करत होते. जगभरच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी ज्यावर शरीररचना घोकली त्या ग्रे यांच्या १८५८ च्या ग्रंथातली चित्रे कार्टर यांच्या हातची. ग्रंथ निघाला त्याच वर्षी ते मुंबईत आले आणि तीस वर्षे या इलाख्यात राहिले. त्यात काही वर्षे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. दुधाळ लघवीचे कारण लसिकावाहिन्यांतला बिघाड आहे, हे त्यांनी १८६२ मध्येच मांडले होते. लसिका म्हणजे रक्तातून पाझरून पुन्हा रक्ताला मिळणारा पाणचट रस. त्या वाहिन्यांत कोण जाऊन बसले आहे, एवढेच तेव्हा कळले नव्हते.

१८७७ मध्ये दख्खनच्या दुष्काळाने हवालदिल झालेली माणसे घाट उतरून मुंबईत आली आणि त्यांच्याबरोबर उलटून उलटून येणाऱ्या तापाची साथ आली. कार्टर यांनी त्या रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू दाखवले. तो ताप त्यांना स्वतःलाही झाला. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, त्यांनी मुंबईतच हिवतापाचे जंतूही रक्तात पाहिले. रक्तात काय आहे हे कार्टर यांच्याइतके बारकाईने पाहणारा माणूस तेव्हा हिंदुस्थानात विरळा. पण ते रक्तात येते कुठून आणि बाहेर जाते कसे, हा प्रश्न अमॉयमध्ये विचारला गेला, आणि तोही त्याच १८७७ साली.

डासांची खोली

मॅन्सन यांचा विचार साधा होता. रोग्याच्या एका थेंब रक्तात ही पिले अनेक असतात, सगळ्या शरीरात मिळून ती लाखोंनी असणार. ही सगळी तिथल्या तिथे वाढली तर माणूस काही दिवसांत मरेल. तो तर वर्षानुवर्षे जगतो. त्याअर्थी पिलांची पुढची वाढ दुसऱ्या कुठल्या तरी प्राण्यात होत असली पाहिजे. पिलांच्या अंगावर एक पातळ पिशवी असते, तिच्यामुळे त्यांना स्वतःहून शरीर भेदून बाहेर पडता येत नाही. म्हणजे त्यांना बाहेर काढणारा कोणी तरी रक्त पिणारा सोबती हवा. ढेकूण, ऊ आणि पिसू तर थंड देशांतही असतात, मग तिथे हत्तीरोग का नाही? जिथे रोग आहे तिथे हटकून सापडतो तो घरातला डास.

त्यांच्याकडे हिन लो नावाचा नोकर होता. त्याच्या रक्तात ही पिले होती. मॅन्सन यांनी त्याला एका खोलीत झोपवले, बाजूला दिवा ठेवला आणि दार उघडे टाकले. डास आत शिरल्यावर दार लावून घेतले. सकाळी भिंतीवर रक्त पिऊन सुस्तावलेले डास तंबाखूच्या धुराने गुंगवून पेल्याखाली पकडले आणि एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली उकलले. माणसावर असा प्रयोग करताना त्याची रीतसर संमती घ्यायची असते, हा विचार त्या काळी रुजलेला नव्हता. आज ही गोष्ट सांगताना हिन लोचे नाव मॅन्सन यांच्या शेजारी घेणे एवढे तरी आपण करू शकतो.

डासाच्या पोटात त्यांनी पाहिले ते विलक्षण होते. रक्त घट्ट होऊ लागताच पिले धडपडू लागतात. काही तासांत अंगावरची पिशवी फाडून बाहेर येतात आणि जठराची भिंत भोसकून डासाच्या छातीत शिरतात. तिथे डासाचे पंख हलवणारे स्नायू असतात. त्या स्नायूंच्या तंतूंत ती ठाण मांडतात, आखडून जाडजूड होतात, मग पुन्हा लांब होऊ लागतात, त्यांना तोंड फुटते, अन्ननलिका तयार होते. माणसाच्या शरीरात जी पिले नुसती वाहत होती, ती डासात वाढू लागली होती. हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मार्च १८७८ मध्ये वाचले गेले.

पुढच्या वर्षी मॅन्सन यांनी आणखी एक नवल उघड केले. दोन मदतनिसांना पाळीपाळीने दिवसरात्र रक्त तपासायला बसवले, तेव्हा दिसले की दिवसा रक्तात पिले जवळजवळ नसतात. संध्याकाळनंतर ती वाढू लागतात, मध्यरात्रीच्या सुमारास कळस गाठतात आणि उजाडता उजाडता नाहीशी होतात. लंडनमध्ये या शोधाची टिंगल झाली. या जंतांकडे घड्याळे असतात की काय, असा टोमणा मारला गेला. मात्र घरातला डास रात्री चावतो आणि जंत त्या वेळी त्वचेजवळच्या रक्तात हजर असतो, ही सांगड टिंगलीने मोडणारी नव्हती. १८८१ मध्ये स्टीफन मॅकेन्झी यांनी लंडनमध्ये एका रोग्याला दिवसा झोपायला व रात्री जागायला लावले, तेव्हा पिलांनी आपली वेळ उलटी केली. दिवसा ही पिले फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात, हे पुढे मॅन्सन यांनीच एका मृत रोग्याच्या तपासणीतून दाखवले.

चुकलेली अर्धी वाट

मग चूक कुठे झाली? डास पिलांना वाढवतो हे कळले, पण वाढलेला जंत माणसात परत कसा येतो? मॅन्सन यांच्या पेल्यातले डास चार-सहा दिवसांत मरत. त्या काळच्या पुस्तकांतूनही असाच समज होता की मादी एकदा रक्त पिते, पाण्यावर अंडी घालते आणि तिथेच मरते. मॅन्सन यांनी ते खरे धरले. मेलेल्या डासातून जंत पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटातून शरीरात शिरतो, असे त्यांनी सांगितले. म्हणजे नेण्याचे काम डासाकडे आणि आणण्याचे काम पुन्हा पाण्याकडे. नारूचा दाखला समोर असताना हे पटण्यासारखेही होते.

एका बाबतीत ते थोडे कमनशिबी ठरले. जंताला डासाच्या अंगात पूर्ण वाढायला दहा ते चौदा दिवस, गारठ्यात त्याहून जास्त, लागतात. त्यांचे डास त्याआधीच मरत होते. डासाला जगवायचे कसे हे कोणाला सुचले नव्हते. ते सुचले जोसेफ बँक्रॉफ्ट यांचे चिरंजीव टॉमस यांना, ब्रिस्बेनमध्ये. त्यांनी डासांना केळे खायला घातले. केळ्यावर डास आठवडेच्या आठवडे जगले आणि जंतांना वाढ पुरी करायला सवड मिळाली.

दरम्यान मॅन्सन हाँगकाँगला गेले. तिथे १८८७ मध्ये चिनी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालय काढण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे चिनी प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष झालेले सन यत्सेन त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८९६ मध्ये सन यत्सेन यांना लंडनच्या चिनी वकिलातीत डांबून ठेवले गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी धावपळ करणाऱ्यांत मॅन्सन हे एक होते. १८९० पासून मॅन्सन लंडनमध्ये स्थायिक झाले होते. रॉस त्यांना १८९४ मध्ये भेटले. हिवतापाचे जंतू रक्तात असतात यावरच तोवर रॉस यांचा विश्वास नव्हता. मॅन्सन यांनी त्यांना ते प्रत्यक्ष दाखवले आणि हत्तीरोगाच्या जंताप्रमाणे हेही डासात वाढत असावेत, हा आपला तर्क सांगितला. मात्र तर्काबरोबर ती पाण्याची चूकही गेली.

घाट चढून सिकंदराबादला पोहोचलेले रॉस कामाला लागले. हुसेन खान नावाच्या रोग्याला दर डासाला एक आणा देऊन त्यांनी त्याच्या अंगावर डास सोडले. पण पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी आणखी एक प्रयोग केला. रोग्याला चावलेले डास पाण्यात मरू दिले आणि ते पाणी लछमन नावाच्या माणसाला त्याच्या राजीखुशीने पाजले. त्याला थोडा ताप आला. रॉस यांना वाटले, जिंकले. पुढच्या खेपांना काहीच निष्पन्न झाले नाही. अशा खोट्या वाटांवर, शिवाय भलत्याच जातीचे डास तपासण्यात, दोन वर्षे गेली. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीवर त्यांना हिवतापाचे जंतू सापडले. १८९८ च्या जुलैत कलकत्त्याला, पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना, तेच जंतू डासाच्या लाळग्रंथीत दिसले आणि सगळे कोडे सुटले. रोग पाण्यातून नव्हे, डासाच्या दंशातूनच परत येतो. मॅन्सन यांनी ही वार्ता त्याच महिन्यात एडिंबरोच्या वैद्यकीय परिषदेत मोठ्या अभिमानाने जाहीर केली.

शिष्याच्या शोधाने आता गुरूची चूक उघडी पाडली. हिवताप दंशातून येत असेल तर हत्तीरोग का नाही? टॉमस बँक्रॉफ्ट यांनी केळ्यावर पोसलेले डास लंडनला पाठवले. मॅन्सन यांच्याच हाताखालच्या जॉर्ज लो यांनी १९०० मध्ये त्यांचे पातळ काप काढून पाहिले, तर पूर्ण वाढलेले जंत डासाच्या सोंडेत, चावण्याच्या तयारीत असल्यासारखे बसलेले. त्याच वर्षी सिडनी प्राइस जेम्स या डॉक्टरांनी त्रावणकोरमध्ये स्वतंत्रपणे तेच पाहिले. मॅन्सन यांनी आपले बावीस वर्षांचे मत सोडून दिले. स्वतःच्याच संस्थेत, स्वतःच्याच शिष्याने आपल्याला खोटे ठरवावे आणि ते आपण मान्य करावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

डासालाही किंमत मोजावी लागते

आज या नात्याचे बारकावे अधिक कळले आहेत. डास हा जंताचा नुसता टपालवाला नाही. गिळलेल्या पिलांपैकी बरीचशी वाटेतच मरतात. काही जातींच्या डासांच्या घशात दातांसारखे काटे असतात, त्यात पिले चिरडली जातात. काही जातींचे डास आत आलेल्या जंताभोवती काळा थर चढवून त्याला गुदमरवतात. जी वाचतात ती डासाच्या उडण्याच्या स्नायूंवर जगतात, म्हणून त्यांची गर्दी फार झाली तर डास धड उडू शकत नाही, मरतोही. डास मेला तर जंतही मेला. म्हणून दोघांचे जमते ते थोडक्यात असले तरच. गटारात, शौचखड्ड्यात, साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स जातीचा घरगुती डास मोजकेच जंत पत्करतो आणि त्यांना नीट वाढवतो. हाच आपल्याकडचा हत्तीरोगाचा मुख्य वाहक.

हिवतापाचा जंतू डासात हजारोंनी वाढतो, तसा हत्तीरोगाचा वाढत नाही. एका पिलाचा फार तर एकच जंत होतो. तोही सोंडेतून त्वचेवर उतरतो आणि दंशाच्या छिद्रातून स्वतः वाट काढतो. म्हणून एखाददुसऱ्या दंशाने हत्तीपाय होत नाही. वर्षानुवर्षे असंख्य दंश सोसणाऱ्याच्या शरीरात नर-मादी एकत्र येतात, लसिकावाहिन्यांत संसार मांडतात आणि पाच-सात वर्षे पिले घालत राहतात. पाय सुजायला लागतो तोवर बराच उशीर झालेला असतो. हा रोग गरिबाच्याच घरी का मुक्काम करतो, याचे उत्तर यातच आहे. रोज रात्री, वर्षभर, बिनमच्छरदाणीचे कोण झोपतो?

उत्तरायुष्य

१८९८ मध्ये मॅन्सन यांचा उष्ण कटिबंधातील रोगांवरचा ग्रंथ निघाला. नव्या आवृत्त्या निघत तो आजही वापरात आहे. १८९९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये याच विषयाची शाळा काढली. १९०० मध्ये रोमहून आणवलेले हिवतापाचे डास त्यांनी आपल्या थोरल्या मुलाला, थर्बर्नला, चावू दिले. मुलगा तापाने फणफणला, क्विनाइनने बरा झाला आणि शंकेखोरांची तोंडे बंद झाली. दोनच वर्षांनी हा मुलगा ख्रिसमस बेटावर बेरीबेरीच्या तपासासाठी गेला असता बंदुकीच्या अपघातात मरण पावला. १९०२ चे नोबेल एकट्या रॉस यांना मिळाले. १९०३ मध्ये मॅन्सन यांना सर हा किताब मिळाला. रॉस यांच्याशी संबंध पुढे बिघडत गेले, इतके की एका पत्रावरून रॉस यांनी त्यांच्यावर अब्रूनुकसानीची कारवाई केली. मॅन्सन यांनी माफी मागून प्रकरण मिटवले. ९ एप्रिल १९२२ रोजी, ७७ व्या वर्षी, त्यांचे लंडनमध्ये निधन झाले.

त्यांनी लावलेले रोप कुठवर आले? हत्तीरोगाची पिले मारणारे डीईसी हे औषध १९४७ मध्ये अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या तेलुगू शास्त्रज्ञाच्या चमूने पुढे आणले. आपल्या देशात १९५५ पासून राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. नारूचा शेवटचा रोगी भारतात १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. विहिरींच्या पायऱ्या बुजवून, पाणी गाळून आपण पाण्याचा जंत हद्दपार केला. डासाचा जंत मात्र राहिला. ज्या चीनमध्ये मॅन्सन यांनी हिन लोला डासांच्या खोलीत झोपवले, तो चीन २००७ मध्ये हत्तीरोगातून मोकळा झाला. श्रीलंका २०१६ मध्ये, बांगलादेश २०२३ मध्ये. भारताने स्वतःसाठी २०२७ चे उद्दिष्ट ठेवले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांत रात्रीच्या वेळी रक्ताचा थेंब घ्यायला दार ठोठावणारा आरोग्य कर्मचारी मॅन्सन यांच्या १८७९ च्या निरीक्षणावरच चालत असतो. धडधाकट माणसाला गोळी कशाला, असे म्हणून ती खिशात टाकणाऱ्याला हे ठाऊक नसते, की जंत पोसणारा माणूस बहुधा धडधाकटच दिसतो. हिन लोसुद्धा आपले काम करत होताच.

कर्जत, नेरळ, खोपोली ही आता गावे राहिली नाहीत. भातखाचरांत इमारती उभ्या राहिल्या, बांधकामांवर लांबलांबच्या मुलखांतून मजूर आले, दीडशे वर्षांपूर्वी घाटात आले होते तसेच. डोंगरातल्या स्वच्छ ओढ्याकाठचा हिवतापाचा डास वेगळा आणि उघड्या गटारावर पोसणारा क्युलेक्स वेगळा. पहिला रानाबरोबर येतो, दुसरा वस्तीबरोबर. शौचखड्ड्याच्या नळीला जाळी बांधणे, गटार वाहते ठेवणे, मजुरांच्या झोपड्यांत मच्छरदाण्या पोहोचवणे, ही कामे अशी आहेत की त्यांना कोणी नोबेल देणार नाही. पण जंताला डासाकडे जाण्यासाठी एक निजलेला माणूस लागतो आणि डासाला वाढण्यासाठी आपणच साठवलेले घाण पाणी लागते.

पाणी बाधते ही आपली जुनी समजूत अशा रीतीने थोडी खरी ठरते. मॅन्सन समजले तसे पिण्याचे पाणी मात्र नव्हे. दाराशी साचलेले पाणी.